प्रकल्प नोंदी : मूळ अभ्यासाच्या शोधात

३ जुलै

संदर्भ शोधायचं काम आजपासून आम्हा दोघींकडे आलं. प्रश्न ठरलेला आहे : शिकवून झाल्यावर मुलांची वरचेवर छोटी चाचणी घेतली, तर शिकलेलं जास्त दिवस लक्षात राहतं का? गुण देण्यासाठीची परीक्षा नव्हे, आठवायला लावणारी चाचणी. मॅडमची अट एकच आहे, पण कडक. मूळ संशोधन आणि त्या संशोधनाचे आढावे यांच्या फायली पहिल्या दिवसापासून वेगळ्या ठेवायच्या. "नंतर निवडू म्हणाल, तर नंतर निवडून होत नाही," असं त्या म्हणाल्या.

पहिली अडचण शब्दाचीच आली. पुस्तकांत 'प्राथमिक संशोधन' आणि 'दुय्यम संशोधन' असं लिहितात. पण शिक्षणाच्या विषयात 'प्राथमिक' म्हटलं की आधी प्राथमिक शाळा डोळ्यांपुढे येते. शिवाय 'प्राथमिक' म्हणजे अजून कच्चं आणि 'दुय्यम' म्हणजे कमी प्रतीचं, असाही वास त्या शब्दांना येतो, आणि तो दोन्हीकडे चुकीचा आहे. डेटाबेसातही हाच घोळ होतो. शोधाच्या चौकटीत 'प्रायमरी रिसर्च' टाकलं, तर लहान मुलांच्या शाळांवरचे लेख ढिगाने येतात, कारण कोणताही लेखक आपल्या लेखाला 'हे प्राथमिक संशोधन आहे' असं नाव देत नाही. म्हणून आमच्या तक्त्यात आम्ही 'मूळ' आणि 'आढावा' असे दोनच शब्द ठेवले. ज्यांनी स्वतः प्रश्न घेऊन माहिती गोळा केली, मोजली, तपासली, त्यांचा लेख 'मूळ'. ज्यांनी इतरांचे अभ्यास एकत्र करून त्यांतून काय निघतं ते मांडलं, त्यांचा 'आढावा'.

५ जुलै

सुरुवात एरिकपासून केली. हा अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन सायन्सेसचा डेटाबेस आहे, कुणालाही फुकट वापरता येतो आणि शिक्षणाच्या विषयात एवढा मोठा खुला साठा दुसरा सहसा मिळत नाही. प्रत्येक नोंदीला क्रमांक असतो. 'ईजे'ने सुरू होणारा असेल तर तो नियतकालिकातला लेख. 'ईडी' असेल तर बाकी सगळं : अहवाल, परिषदेतले निबंध, प्रबंध, मार्गदर्शिका. ही दोन अक्षरं आज पहिल्या तासातच उपयोगी पडली.

मी 'टेस्टिंग' टाकलं आणि प्रवेश परीक्षा, राज्यस्तरीय चाचण्या, परीक्षेची भीती असा सगळा लोंढा अंगावर आला. आमच्या प्रश्नाचं त्यात काहीच नव्हतं. मग 'रिटेन्शन' टाकलं. ते तर आणखी वाईट निघालं. शिक्षणात या एका शब्दाचे तीन अर्थ चालतात : शिकलेलं स्मरणात टिकणं, मुलाला त्याच वर्गात पुन्हा बसवणं आणि विद्यार्थी संस्थेत टिकून राहणं, म्हणजे मध्येच शिक्षण न सोडणं. तिन्हींचे लेख एकमेकांत मिसळून आले होते.

सोबतीणीने मग एरिकचा थिसॉरस उघडला. खरं तर पहिल्यांदा तोच उघडायला हवा होता. लेखाचे लेखक कोणताही शब्द वापरोत, एरिकचे लोक प्रत्येक नोंदीला ठरलेल्या यादीतलेच शब्द लावतात. त्यांना डिस्क्रिप्टर म्हणतात. तिथे स्मरणासाठी 'रिटेन्शन' असून कंसात 'सायकॉलॉजी' लिहिलेलं आहे, आणि वर्गात मागे ठेवण्यासाठी 'ग्रेड रिपिटिशन' हा वेगळाच शब्द आहे. उजळणीसाठी 'रिव्ह्यू' आणि कंसात 'रीएक्झॅमिनेशन' आहे, म्हणजे साहित्याच्या आढाव्याशी त्याची गल्लत होऊ नये. हे कंस पाहून मला फार बरं वाटलं. आपल्याला पडलेला गोंधळ कुणीतरी आधीच बसून निस्तरून ठेवला होता.

स्मरणाचा डिस्क्रिप्टर घेऊन, त्याला 'चाचणी' जोडून पुन्हा शोधलं. यादी बरीच आटली आणि पहिल्या पानावरचे बहुतेक लेख कामाचे निघाले.

६ जुलै

ग्रंथालयातून तोच एरिक दुसऱ्या कंपनीच्या व्यासपीठावरूनही मिळतो. साठा तोच असला तरी चौकटी आणि फिल्टर वेगळे असल्याने निकाल तंतोतंत जुळत नाहीत. म्हणून नोंदवहीत आता प्रत्येक शोधापुढे चार गोष्टी : तारीख, डेटाबेस, कोणत्या व्यासपीठावरून, आणि टाकलेले शब्द जसेच्या तसे.

८ जुलै

आजचा दिवस एका खुणेने खाल्ला.

परवा आम्ही 'पिअर रिव्ह्यूड ओन्ली' या चौकटीवर टिचकी मारून ठेवली होती. तज्ज्ञांनी तपासलेलेच लेख हवेत, असं मॅडमनी सांगितलं होतं, त्यामुळे ते बरोबरच वाटत होतं. आज यादी वर्षांनुसार लावली तेव्हा सोबतीण म्हणाली, "अगं, २००४ च्या आधीचं काहीच कसं नाही?" खरंच काहीच नव्हतं. मदतीच्या पानावर कारण सापडलं. तज्ज्ञ-तपासणीची खूण एरिकने २००४ पासून लावायला सुरुवात केली. त्याआधीच्या नोंदींना ती खूणच नाही, मग तो लेख कितीही नावाजलेल्या नियतकालिकात आलेला असो. म्हणजे ती चौकट टिपली की एका टिचकीत जवळजवळ चार दशकांचं काम नजरेआड होतं, आणि पडद्यावर तसं कुठे लिहूनही येत नाही.

चौकट काढली. जुन्या लेखांसाठी नियतकालिकाच्या पानावर जाऊन तपासणी होते का ते हाताने बघायचं ठरलं. वेळ लागेल, पण दुसरा मार्ग नाही.

याच्याच जोडीला आणखी एक गोष्ट टिपून ठेवते. तज्ज्ञांनी तपासलेल्या नियतकालिकातली प्रत्येक ओळ तपासलेली नसते. संपादकीय, पुस्तक-परीक्षण, वाचकांची पत्रंही त्याच अंकात असतात आणि डेटाबेस कधी कधी त्यांनाही तीच खूण लावतो. पाच-सहा पानी काही दिसलं की आधी ते काय आहे ते बघायचं.

१२ जुलै

एरिकमध्ये डाव्या बाजूला 'पब्लिकेशन टाइप' म्हणून फिल्टर आहे. 'रिपोर्ट्स – रिसर्च' म्हणजे संशोधन. 'इन्फर्मेशन अ‍ॅनालिसिस' म्हणजे आढावा. 'ओपिनियन पेपर्स' म्हणजे मतप्रदर्शन. 'रिपोर्ट्स – डिस्क्रिप्टिव्ह' म्हणजे 'आमच्याकडे आम्ही असं केलं' या प्रकारचं वर्णन. हे पाहिल्यावर मला वाटलं, काम संपलंच. पहिला प्रकार 'मूळ'च्या फायलीत, दुसरा 'आढावा'च्या.

तसं होत नाही. एका नोंदीला एकाहून अधिक प्रकार लागलेले असतात. मेटा-अ‍ॅनालिसिस, म्हणजे अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून केलेलं गणित, अनेकदा दोन्ही खुणा घेऊन येतं. ते संशोधनही आहे आणि आढावाही. आमच्या हिशेबात तो आढावाच, कारण एकाही मुलाला त्या लेखकांनी स्वतः चाचणी दिलेली नसते. तक्ते असतात, आकडे असतात, 'पद्धत' नावाचा विभागही असतो, त्यामुळे नजर फसते. पण त्या विभागात विद्यार्थी कसे निवडले ते नसून लेख कसे निवडले ते लिहिलेलं असतं.

आज उलटही घडलं. एका लेखाच्या गोषवाऱ्यात 'या अभ्यासात आम्ही तपासतो' असं स्वच्छ लिहिलं होतं, म्हणून मी तो गेल्याच आठवड्यात 'मूळ'मध्ये टाकला होता. आज पूर्ण वाचला तर त्यात एकही सहभागी नाही. इतरांच्या प्रयोगांवरची चर्चा होती, आणि ती चांगलीही होती. चूक माझी : मी गोषवाऱ्यावर विसंबले. मॅडमना सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. आता नियम असा केला आहे की पद्धतीचा विभाग उघडून 'सहभागी कोण, किती, त्यांच्याकडून काय करून घेतलं' या तीन प्रश्नांची उत्तरं तक्त्यात भरल्याशिवाय लेख कोणत्याच फायलीत जाणार नाही. उत्तरं भरता आली तर 'मूळ'. सहभागींच्या जागी लेख निघाले तर 'आढावा'. दोन्ही नसेल तर तिसरी फाईल, तिला सध्या 'विचार' म्हणतोय.

१५ जुलै

या नियमाची खरी कसोटी आज लागली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमच्या विषयात हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या मानसशास्त्रज्ञांची नावं पावलोपावली येतात. कुठलाही लेख उघडा, 'रोडिगर आणि कार्पिक, २००६' असतंच. आम्हीही तसंच लिहिलं होतं, एका ओळीत. आज संदर्भसूचीत त्या वर्षापुढे एका ठिकाणी 'ए' आणि दुसऱ्या ठिकाणी 'बी' दिसलं आणि मी थांबले. या दोघांचे २००६ चे लेख दोन आहेत.

एक 'सायकॉलॉजिकल सायन्स'मध्ये आला. तो प्रयोग आहे. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना छोटे उतारे वाचायला दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी न बघता आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. दोन दिवसांनी आणि आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. दुसऱ्या प्रयोगात, आठवड्यानंतर, चारही वेळा नुसतं वाचणाऱ्यांना उताऱ्यातला सुमारे ४० टक्के भाग आठवला. एकदा वाचून तीनदा आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के.

दुसरा लेख 'पर्स्पेक्टिव्ह्ज ऑन सायकॉलॉजिकल सायन्स'मध्ये आला. तो आढावा आहे. चाचणी आणि स्मरण यांवर तोवर झालेलं बरंचसं काम त्यांनी त्यात एका जागी मांडलं आहे.

माणसं तीच, वर्ष तेच, विषयही तोच. एक 'मूळ' आणि एक 'आढावा'. आता ज्या लेखात नुसतं '२००६' लिहून पुढे 'शाळेतल्या मुलांवरही हा परिणाम दिसतो' असं म्हटलेलं असेल, तिथे कोणता २००६? प्रयोगात शाळेतली मुलं नाहीत. आढाव्यात आहेत, पण ती दुसऱ्या कुणाच्या अभ्यासातली. मग आधार त्या दुसऱ्याचा द्यायला हवा. आमच्याच मसुद्यात ही चूक दोन ठिकाणी सापडली. दोन्ही दुरुस्त केल्या.

१९ जुलै

शब्दांची यादी वाढत चालली आहे. आम्हाला 'रिट्रीव्हल प्रॅक्टिस', म्हणजे शिकलेलं आठवून काढण्याचा सराव, हा शब्द माहीत होता, कारण आजकाल तेच चालतं. पण 'टेस्टिंग इफेक्ट', 'टेस्ट-एन्हान्स्ड लर्निंग', 'प्रॅक्टिस टेस्टिंग', 'क्विझिंग' हे सगळे त्याच गोष्टीचे शब्द आहेत. मागे जावं तसा शब्द बदलतो. आर्थर गेट्सने १९१७ मध्ये शाळकरी मुलांवर जे केलं त्याला तो 'रेसिटेशन' म्हणतो. आपल्याकडचा शब्द विचाराल तर म्हणून दाखवणं, तोंडपाठ म्हणून दाखवणं. आजच्या शब्दांनी शोधणाऱ्याला गेट्स कधीच सापडणार नाही.

म्हणून शब्द कंसात घालून, मध्ये 'ऑर' टाकून एक गट केला. दुसरा गट वर्ग, शाळा, विद्यार्थी यांचा. तिसरा स्मरण आणि शिकणं यांचा. तिन्ही गट 'अँड'ने जोडले. दोन शब्दांच्या संज्ञा अवतरणचिन्हांत, नाहीतर 'प्रॅक्टिस' आणि 'टेस्टिंग' वेगवेगळे धरून भलतंच येतं. 'नॉट' मात्र वापरायचं नाही असं ठरवलं. परीक्षेच्या भीतीचे लेख नकोत म्हणून 'नॉट अँग्झायटी' टाकून पाहिलं, तर चाचण्यांनी भीती कमी होते का हेही ज्यात मोजलं होतं असा एक छान वर्गप्रयोग यादीतून उडाला. नको ते हाताने काढू.

२२ जुलै

आज एपीए सायकइन्फो. हा मानसशास्त्राचा आहे, शिक्षणाचा नव्हे, पण आमचा विषय दोन्हींच्या सीमेवर आहे. इथे एक फार मोलाची सोय आहे : 'मेथडॉलॉजी' नावाचा फिल्टर. 'एम्पिरिकल स्टडी', 'लिटरेचर रिव्ह्यू', 'सिस्टिमॅटिक रिव्ह्यू', 'मेटा अ‍ॅनालिसिस' अशी वेगवेगळी नावं त्यात निवडता येतात. एरिकमध्ये जे एका 'इन्फर्मेशन अ‍ॅनालिसिस'मध्ये कोंबलेलं आहे ते इथे सुटं आहे. वयोगटाचाही फिल्टर आहे, ६ ते १२ वर्षं वेगळा, १३ ते १७ वेगळा. आमची निम्मी चाळणी तिथेच झाली.

तरी तीन प्रश्नांचा नियम इथेही लावतोय. फिल्टरने यादी लहान होते, वाचन टळत नाही.

२५ जुलै

नियतकालिकांच्या नावांबद्दल. 'रिव्ह्यू ऑफ एज्युकेशनल रिसर्च' हे आढाव्यांसाठीचंच आहे, १९३१ पासून निघतं. 'एज्युकेशनल रिसर्च रिव्ह्यू'मध्येही आढावेच मुख्य. पण 'इकॉनॉमिक्स ऑफ एज्युकेशन रिव्ह्यू' उघडलं तर त्यात मूळ अभ्यासच भरलेले. सोबतीणीने नाव बघून त्यातले तीन लेख 'आढावा'त टाकले होते, ते परत हलवले. आणि 'अमेरिकन एज्युकेशनल रिसर्च जर्नल' हे मूळ संशोधनाचं.

३० जुलै

आजचा दिवस मी विसरणार नाही.

२००६ च्या आढाव्याची संदर्भसूची घेऊन एकेक धागा मागे ओढत होते. तिथे एक नाव वारंवार आलं : स्पिट्झर, १९३९, 'जर्नल ऑफ एज्युकेशनल सायकॉलॉजी', शीर्षक 'स्टडीज इन रिटेन्शन'. एरिकमध्ये शोधलं, नाही. शब्द बदलून शोधलं, तरी नाही. मग लक्षात आलं की एरिकचा साठा मुळात १९६६ पासून पुढचा. १९३९ चा लेख तिथे शोधणं म्हणजे नवीन घरात आजोबांच्या लहानपणच्या खुणा शोधण्यासारखं. सायकइन्फोमध्ये मात्र नोंद पहिल्याच झटक्यात मिळाली, कारण तो त्याहून कितीतरी मागे जातो. पूर्ण लेख उघडत नव्हता. ग्रंथपाल सरांना सांगितलं, त्यांनी दुसऱ्या ग्रंथालयाकडून मागवला आणि आज दुपारी स्कॅन केलेली प्रत पाठवली.

आयोवा राज्यातल्या ९१ शाळांमधली सहावीची ३६०५ मुलं! संगणक नसताना, हे सगळं हाताने तपासून. मुलांना छोटे लेख वाचायला दिले, आणि त्यातला एक बांबूवर होता. प्रश्न बहुपर्यायी. बांबू कोणत्या कुळातला : झाड, नेचं, गवत, शेवाळं की बुरशी? मुलांचे गट पाडले. कुणाची चाचणी लगेच, कुणाची दुसऱ्या दिवशी, कुणाची आठवड्याने, आणि लांबातली लांब ६३ व्या दिवशी. ज्यांना वाचल्यावर लवकर आठवायला लावलं, त्यांच्या लक्षात पुढे जास्त राहिलं. ज्यांची पहिली चाचणी उशिरा झाली, त्यांच्याकडे तोवर आठवायला फारसं उरलंच नव्हतं.

आढाव्यात या अभ्यासाला जागा मोजकीच मिळते, आणि ते योग्यच आहे, आढाव्याला अनेकांना जागा द्यायची असते. पण विसरण्याची ती उतरती रेघ, कोणत्या गटाची चाचणी नेमकी कधी झाली त्याचं वेळापत्रक, हे सगळं मूळ लेख हातात घेतल्यावरच कळतं. आमच्या प्रश्नाच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं वेळापत्रकच आहे, कारण शिक्षकांना विचारायचं असतं ते हेच : चाचणी कधी घेऊ?

सरांना फोन करून आभार मानले. ते म्हणाले, "अजून जुनं काही लागलं तर संकोच करू नका." गेट्सचीही प्रत मागवली आहे.

४ ऑगस्ट

मागचे धागे झाले, आता पुढचे. गूगल स्कॉलरवर २००६ चा प्रयोग शोधला आणि खालच्या 'साइटेड बाय'वर, म्हणजे त्याचा संदर्भ देणाऱ्या लेखांच्या यादीवर गेले. हजारोंनी आहेत. 'सर्च विदिन सायटिंग आर्टिकल्स' अशी चौकट टिपता येते, ती टिपून 'क्लासरूम' टाकलं. त्यातून सहावीच्या सामाजिक शास्त्रांच्या वर्गातला २०११ चा अभ्यास मिळाला आणि त्याच वर्षीचा आठवीच्या विज्ञानाचा. दोन्ही खऱ्या वर्गांत, खऱ्या पाठ्यपुस्तकावर. आम्हाला नेमकं हेच हवं होतं.

स्कॉलरवर तज्ज्ञ-तपासणीचा फिल्टर नाही, डिस्क्रिप्टर नाहीत, आणि प्रबंध, व्याख्यानाच्या स्लाइड्स, लेखाचा कच्चा मसुदा सगळं एकाच रांगेत येतं. म्हणून शोध तिथून सुरू करायचा नाही. हातात एक चांगला लेख असेल, तर त्याच्या पुढचे-मागचे शोधायला मात्र त्याच्यासारखं साधन नाही.

९ ऑगस्ट

झोटेरोत, म्हणजे संदर्भ साठवायच्या संगणकीय साधनात, एकूण किती लेख झाले ते मोजताना दोन अभ्यास विचित्रपणे सारखे वाटले. एक 'ईडी' क्रमांकाचा प्रबंध, दुसरा तीन वर्षांनी आलेला 'ईजे' लेख. शीर्षकं वेगळी होती. लेखात प्रबंधाच्या लेखिकेबरोबर आणखी दोन नावं होती, त्यामुळे झोटेरोने त्यांना जोडी म्हणून पकडलं नव्हतं. पण सहभागींची संख्या तीच, शाळेचं वर्णन तेच आणि एका तक्त्यातला सरासरीचा आकडा दशांशापर्यंत तोच. एकच अभ्यास दोनदा मोजला जाणार होता. दोन्ही एका ओळीत घेतले, मुख्य म्हणून लेख ठेवला. प्रबंध टाकून दिला नाही, कारण लेखात जागेअभावी न आलेली प्रश्नपत्रिका त्याच्या परिशिष्टात आहे.

१२ ऑगस्ट

मॅडमनी शिक्षक-प्रशिक्षणाची एक पुस्तिका दिली आणि त्यातल्या एका वाक्याचा आधार शोधायला सांगितलं : माणसाला वाचलेलं १० टक्के लक्षात राहतं, ऐकलेलं २० टक्के, केलेलं ९० टक्के. त्रिकोणाचं चित्रही होतं.

दिवसभर मागे मागे गेले. पुस्तिकेतून एका लेखाकडे, तिथून एका पुस्तकाकडे, तिथून आणखी एका पुस्तकाकडे. प्रत्येक जण आधीच्याकडे बोट दाखवतो. शेवटी बहुतेक बोटं एडगर डेल यांच्या १९४६ च्या दृक्श्राव्य शिक्षणावरच्या पुस्तकाकडे वळतात. त्या पुस्तकात शंकू आहे खरा, प्रत्यक्ष अनुभवापासून शब्दांपर्यंत नेणारा. पण त्यात टक्के नाहीत. एकही आकडा नाही. आकडे नंतर कुणीतरी जोडले, आणि ते ज्यातून निघाले असा मूळ अभ्यास या साखळीत कुठेच भेटत नाही.

हे वाचून मला वाईट वाटलं, कारण हा त्रिकोण मी स्वतः वर्गात फळ्यावर काढलेला आहे. मुलांनी तो वहीत उतरवून घेतला होता.

मॅडमना कळवलं. वाक्य आमच्या अहवालात येणार नाही, आणि ते का नाही यावर एक परिच्छेद येईल.

१७ ऑगस्ट

आमच्या दोघींचा वाद झाला. एक लेख पिसाच्या आकडेवारीवर आहे. ही ओईसीडी या अनेक देशांच्या आर्थिक सहकार्य संघटनेची १५ वर्षांच्या मुलांची चाचणी, पहिली २००० मध्ये झाली. सोबतीणीचं म्हणणं, आकडे दुसऱ्यांनी गोळा केलेत, म्हणून हा दुय्यम. माझं म्हणणं, प्रश्न नवा, विश्लेषण नवं, निष्कर्ष नवे, तर हा मूळच. 'सेकंडरी डेटा अ‍ॅनालिसिस' असं लेखात लिहिलेलं असल्यामुळे ती ऐकेना.

मॅडमनी तोडगा सांगितला. लेखक मुलांच्या उत्तरांपर्यंत जाऊन हिशेब करतात की दुसऱ्यांच्या निष्कर्षांवर हिशेब करतात, ते बघा. उत्तरांपर्यंत गेले तर मूळ. माहिती दुय्यम असली तरी संशोधन मूळ असू शकतं. तक्त्यात एक रकाना वाढवला, 'माहिती कुणी गोळा केली'. आणि ३ जुलैच्या नोंदीतली व्याख्या अपुरी होती, 'स्वतः माहिती गोळा केली' ही अट जास्त अरुंद पडते. ती आजपासून सैल केली.

लेख शेवटी यादीतून गेलाच, कारण त्यात आठवायला लावणारी चाचणी नव्हती. वादाचा उपयोग मात्र झाला.

२१ ऑगस्ट

पूजा अगरवाल आणि सहकाऱ्यांचा २०२१ चा पद्धतशीर आढावा आज पूर्ण वाचला. 'एज्युकेशनल सायकॉलॉजी रिव्ह्यू'मध्ये आलेला. फक्त शाळा आणि वर्गांतले प्रयोग घेतले आहेत. जवळपास २००० गोषवारे चाळून त्यांनी ५० प्रयोग निवडले, एकूण ५३७४ विद्यार्थी. आम्हाला चाळणीत किती गळतं याची धास्ती वाटत होती, ती हे आकडे पाहून कमी झाली.

हा आढावा आम्ही मुद्दाम शेवटी ठेवला होता. आधी वाचला असता तर त्याचीच यादी उतरवून बसलो असतो. आता आमची यादी आणि त्यांची यादी शेजारी लावून एकेक नाव जुळवलं. बरेचसे जुळले. जे आमच्याकडे नव्हते, त्यांपैकी काही महाविद्यालयीन वर्गांतले होते, ते आमच्या प्रश्नाबाहेरचे, पण काही खरोखर सुटले होते. एकाचा गोषवारा पुन्हा वाचला. त्यात 'टेस्ट' आणि 'रिट्रीव्हल' हे शब्द जवळजवळ नाहीतच, मुलं 'क्लिकर'वर, म्हणजे बटण दाबून उत्तर द्यायच्या हातातल्या यंत्रावर, उत्तरं देतात एवढंच आहे. साधनाचं नाव पुढे आलं आणि कल्पनेचं मागे राहिलं. 'क्लिकर' पहिल्या गटात घालून सगळे डेटाबेस पुन्हा धुंडाळले. चार नवे मिळाले, त्यांतले दोन 'मूळ'मध्ये बसले.

उलट, आमच्याकडे असलेला पण त्यांच्याकडे नसलेला एक अभ्यासही आहे. तो त्यांच्या शोधानंतर प्रसिद्ध झाला. आढाव्याला शोधाची अखेरची तारीख असते आणि ती लेखाच्या प्रसिद्धीच्या बरीच आधीची असते. ती तारीख पद्धतीच्या विभागात बघून तिथून पुढचं आपण शोधायचं, हेही नोंदवहीत गेलं.

एक गोष्ट मनाला लागली. त्या पन्नासांतले बहुतेक सगळे प्रयोग श्रीमंत पाश्चात्त्य देशांतले आहेत आणि आढाव्याच्या लेखकांनी ते स्वतःच ठळकपणे सांगितलं आहे. मॅडम म्हणाल्या, हे आपल्या अहवालाच्या पहिल्या पानावर यायला हवं.

२४ ऑगस्ट

पूर्ण लेख मिळवण्याचं काम. बंद असलेल्यांसाठी अनपेवॉल हे ब्राउझरचं छोटं साधन लावलं. लेखकाने कुठे खुली प्रत ठेवलेली असेल तर बाजूला कुलूप हिरवं होतं. पाच त्यातून निघाले. खुली प्रत अनेकदा स्वीकृत मसुदा असतो, छापील नव्हे, त्यामुळे पानांचे क्रमांक जुळत नाहीत. पान देऊन उद्धृत करायचं असेल तर छापील प्रतच बघायची. तिघा लेखकांना सरळ ईमेल लिहिलं, दोन ओळींचं, लेखाचं नाव आणि कशासाठी हवा ते.

२७ ऑगस्ट

तिघांपैकी दोघांची उत्तरं दोन दिवसांत आली, लेखासकट. एकीने तर चाचणीचे मूळ प्रश्नही जोडले आणि लिहिलं की वापरलेत तर कळवा. लगेच उत्तर दिलं.

गेट्सची प्रतही आली. कागद पिवळा, छपाई बारीक, तक्ते लांबच लांब. उद्या सकाळी वाचायला घेते. सोबतीण तोवर 'विचार' फायलीतले उरलेले सहा लेख तीन प्रश्नांवर घासून बघणार आहे. त्यांतला एक मला अजून मूळ वाटतो, तिला वाटत नाही. पद्धतीचा विभाग दोघी मिळून वाचू.